रांगेत पहिलं कोण

गेल्या ऑगस्टात मला सत्तर वर्षं पुरी झाली आणि सरकारने मला आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी दिलं. आमच्या पेरूत सत्तरीनंतर मत देण्याची सक्ती नाही. त्याआधी आहे. दिलं नाही तर दंड, आणि तो भरेपर्यंत बँकेत, नोटरीकडे, कुठल्याही कचेरीत तुम्हाला कोणी दारात उभं करत नाही. मी आजवर एकही मतदान चुकवलं नाही, ते काही देशप्रेमापोटी नव्हे. आता एकदाच, एका रविवारी, सगळं गाव बोटाला शाई लावून घ्यायला जाईल तेव्हा आपण अंगणात उन्हाला पाठ देऊन बसायचं, एवढीच माझी इच्छा होती. वर्षभर मी ती भेटेल त्याला सांगत सुटलो होतो.

मी आनाक्लेतो पोमा, एकतीस वर्षं गावच्या शाळेत शिपाई होतो. मुख्याध्यापकांच्या खोलीत राष्ट्राध्यक्षांचा फोटो लावायचं काम माझ्याकडे. सुरुवातीला पाच वर्षांतून एकदा स्टुलावर चढायला लागायचं. शेवटी शेवटी दर वर्षाला. एक पळाला, एकाला काढला, एकाला पकडला. एकदा तर फोटो टपालाने आमच्याकडे पोहोचला तोवर माणूस तुरुंगात पोहोचला होता. मुख्याध्यापक म्हणाले, "आनाक्लेतो, खिळा ठोकू नकोस, नुसता भिंतीला टेकवून ठेव." तेव्हापासून मी नावं पाठ करणं सोडून दिलं.

वरचे असे येतात नि जातात, पण सरकार मात्र आमच्या घरातून हलत नाही. परसात डुक्कर पाळलं तर नोंद करा म्हणून माणूस येतो. त्याला पुलाचं विचारावं, पूल वाहून गेल्याला तीन पावसाळे झाले, तर ते त्याच्या खात्यात नसतं. मतदानाच्या आदल्या दिवसापासून दारूही बंद. प्यायलेला माणूस चुकीचं मत देईल म्हणे. इतकी वर्षं शुद्धीत दिलेल्या मतांनी काय दिवे लावले ते कोणी विचारू नये.

शनिवारी संध्याकाळी माझी मुलगी रोसाउरा लिमाहून आली. तिथे राहून तिला सहा वर्षं झाली, पण ओळखपत्रावर पत्ता अजून गावचाच. बदलायला कचेरीत दोन दिवस मोडतात, त्यापेक्षा मतदानाला सात तास बसमध्ये बसलेलं परवडतं, असं तिच्यासारख्या हजारोंचं गणित असतं. आठ महिने घरी बसल्यावर तिला नुकतंच एका इस्पितळाच्या धुलाईघरात काम लागलं होतं, रात्रपाळीचं. रविवारी रात्री दहाला हजर व्हायचं होतं.

"एकची गाडी मिळाली पाहिजे, बाबा," ती जेवताना म्हणाली. "पहिल्या महिन्यात एक खाडा झाला की नारळ. लिहूनच घेतलंय."

"मग आलीस कशाला? दंड भरला असता."

"दंडासाठी नाही आले." खालच्या खोऱ्यातली एक शिक्षिका उभी होती, खाणीचं घाण पाणी नदीत सोडण्याविरुद्ध भांडलेली. रोसाउराला तिला मत द्यायचं होतं. "एक तरी बरं माणूस उभं आहे."

"उभं असतं तोवर सगळं बरंच असतं. बसलं की कळतं."

"तुम्ही घरात बसा नि बडबडा. मत देणार नाही तर तक्रार कशाला करता?"

"तक्रार फुकट आहे, पोरी. तेवढी एकच गोष्ट राहिलीय."

ती हसली नाही. ताटली उचलून आत गेली.

सकाळी तिची पिशवी धरायला म्हणून मी बरोबर निघालो. मतदान शाळेतच. आमच्या गावाला मतदानाची दोनच टेबलं, आणि आम्ही बाप-लेक एकाच टेबलाच्या यादीत. आम्ही पोहोचलो तेव्हा आठ वाजून गेले होते आणि फाटकापाशी चिटपाखरू नव्हतं. सगळं गाव समोरच्या फुटपाथवर, जवाच्या गरम काढ्याच्या गाडीभोवती उभं होतं. पेले केव्हाच रिकामे झाले होते.

याचं कारण असं. प्रत्येक टेबलावर तीन माणसं बसतात, सोडतीने नाव निघालेली. त्यातलं एखादं हटकून येत नाही. मग निवडणूक कचेरीचा माणूस रांगेतल्या पहिल्या माणसाला धरतो आणि त्याच्या जागी बसवतो. नाही म्हटलं तर दंड. बसलं तर संध्याकाळी पाचपर्यंत मतदान आणि त्यापुढे मोजणी संपेतो सुटका नाही. म्हणून आमच्याकडे टेबल भरल्याशिवाय कोणी रांग लावत नाही, आणि रांग लागल्याशिवाय टेबल भरत नाही.

आमच्या टेबलावर दोघं आले होते. औषधाच्या दुकानातल्या नेमेसियाबाई अध्यक्ष, आणि एक मेकॅनिक. तिसऱ्याचा पत्ता नव्हता. निळं जाकीट घातलेली कचेरीची मुलगी फाटकात येऊन आमच्याकडे बघायची, आणि आम्ही सगळे डोंगराकडे बघायचो.

नऊ वाजले. साडेनऊ वाजले.

"जा की रे कोणीतरी, देशासाठी," शेजारचा सेवेरीनो म्हणाला.

"तूच जा, सकाळपासून उगाच उभा आहेस."

"माझा गुडघा धरलाय."

"काल चेंडूमागे धावताना नव्हता धरला?"

"काल देशाचं काम नव्हतं."

लोक हसले, मीही हसलो. रोसाउरा घड्याळ बघत होती. दहा वाजता ती पुन्हा म्हणाली, "बाबा, असंच चाललं तर बारा वाजेपर्यंत उघडणार नाही." मी म्हणालो, थांब, कोणीतरी जाईल. आयुष्यभर मी हेच म्हणत आलोय आणि आयुष्यभर कोणीतरी दुसरंच गेलंय. सव्वादहाला माझी पोर रस्ता ओलांडून फाटकात शिरली.

मला वाटलं, बाईमाणूस आहे, गाडी गाठायची आहे, सांगेल तर सोडतील. निळ्या जाकिटाच्या मुलीने आधी तिचं ओळखपत्र मागून घेतलं आणि मग म्हणाली, "ताई, आत चला. तिसऱ्या सदस्य तुम्ही."

"माझी एकची गाडी आहे. रात्री कामावर जायचंय."

"सगळ्यांनाच कामं असतात, ताई. तुमच्या मालकाला कायद्याने सुट्टी द्यावीच लागते. आम्ही दाखला देऊ."

कायद्याने.  मान वळवून रोसाउराने रस्त्यापलीकडे माझ्याकडे पाहिलं, लहानपणी शाळेच्या फाटकातून बघायची तसं.  मी तिची पिशवी घेऊनच रस्ता ओलांडला.

"तिचं कार्ड परत कर," मी त्या मुलीला म्हणालो. "माझं घे."

तिने जन्मतारीख वाचली. "आजोबा, तुम्हाला सक्ती नाही. तुम्ही तर मतालासुद्धा आला नाहीत तरी चालतं."

"सक्ती नाही हे मला ठाऊक आहे. मनाई आहे का?"

तिने फोन लावला. पलीकडच्याने कुणाला तरी विचारलं, त्याने आणखी कुणाला तरी. मनाई नव्हती. रोसाउरा दंडाला धरून मला बाजूला ओढत होती.

"बाबा, काही गरज नाही. तुम्ही वर्षभर काय बोलत होतात?"

"ते तू ऐकत होतीस?"

"बाबा, ऐका ना."

"गाडी चुकेल. हं, पिशवी धर."

 मी सही केली तशी समोरच्या फुटपाथवर एकच धांदल उडाली. पाच मिनिटांत रांग फाटकाबाहेर गेली, आणि सेवेरीनो गुडघ्यासकट तिसऱ्या नंबरावर होता.

कागद मोजून, सह्या करून टेबल उघडायला तास-सव्वा तास गेला. टेबलावरच्यांनी आधी मत द्यायचं असा नियम. म्हणजे तेही टळलं नाही. पुठ्ठ्याच्या आडोशाला उशीच्या अभ्र्याएवढा कागद पसरून मी उभा राहिलो. कोरा ठेवायचा असं ठरवलं होतं. मग त्या शिक्षिकेचा फोटो दिसला. चेहरा थकलेला होता, त्यामुळे जरा खरा वाटला. तिच्यापुढे फुली मारली. तिच्यावर विश्वास बसला म्हणून नाही. सात तास बसमध्ये बसून आलेल्या माझ्या पोरीचा तिच्यावर विश्वास होता म्हणून.

रोसाउरा रांगेत पहिलीच होती. आडोशामागे तिला बराच वेळ लागला. नेमेसियाबाई म्हणाल्या, "काय गं, अर्ज लिहितेस का?" बाहेर आली, कागद पेटीत टाकला, बोट शाईत बुडवलं. माझ्याकडे न बघता तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला, जरा दाबला आणि गेली. बारा वाजून दहा मिनिटं झाली होती.

दिवसभर मी यादीत नावं शोधली आणि लोकांची बोटं बुडवली. जो येईल तो टोमणा मारून गेला. "काय आनाक्लेतो, ऊन कसं आहे अंगणात?" माझं कंबरडं मोडलं होतं आणि जेवायला थंड बटाटे होते.  पाचला फाटक बंद झालं आणि पेटी उलटी केली.

मोजणी मोठ्याने वाचून करायची असते, पक्षांच्या माणसांदेखत. नेमेसियाबाई कागद उघडून नाव पुकारायच्या, मेकॅनिक रेघ ओढायचा, आणि मी ते कागद त्या त्या गठ्ठ्यावर ठेवायचो. बाद मतांचा गठ्ठा सगळ्यांत उंच. कोणी शिव्या लिहिल्या होत्या, कोणी सगळ्यांवर फुल्या मारल्या होत्या, एकाने मन लावून डुक्कर काढलं होतं. शिक्षिकेला एकोणीस मतं झाली होती.

मग नेमेसियाबाईंनी एक कागद उघडला आणि थांबल्या.

"वाचा की," पक्षाचा एक माणूस म्हणाला.

"यावर फुली नाही. लिहिलंय." त्यांनी चष्मा सारखा केला. "'माझ्या बाबांना घरी सोडा.'"

पक्षाची माणसं हसली. कुणाचा रे बाप, असं एकाने विचारलं. मेकॅनिक रेघ कुठे ओढायची म्हणून वाट बघत बसला. नेमेसियाबाईंनी कागद माझ्यापुढे धरला. शिक्षिकेच्या फोटोवरूनच अक्षरं गेली होती, मोठी, दाबून लिहिलेली. माझ्या पोरीला ते अक्षर मी याच शाळेत, सुट्टी झाल्यावर, फरशीवर बसून गिरवायला लावलं होतं.

माझे डोळे भरून आले आणि मी ते पुसले, शाईच्याच बोटांनी.

"कुणाचं असेल हो हे?" बाईंनी हळूच विचारलं. त्यांना कळलं होतं.

"मत गुप्त असतं, बाई."

"मग काय करू याचं?"

मी तो कागद घेतला, तळव्याने त्याच्या घड्या सपाट केल्या आणि बादच्या गठ्ठ्यावर ठेवला.

"पुढचं वाचा," मी म्हणालो.