उन्हाचं पेव

मी काँक्रीटचा एक ठोकळा बोलतोय. ठोकळा म्हटलं की तुम्ही विटेएवढा समजाल. मी चांगला खोलीएवढा होतो. 'होतो' म्हणतो, कारण आता माझी एक बाजू उरलेली नाही. ती कशी गेली हे सांगितल्याशिवाय मला इथून हलायचं नाही.

माझा जन्म चिंताकीच्या माळावरचा. समोर आरशांच्या रांगा. आरशांनी ऊन एका नळीवर गोळा करायचं, नळीतलं तेल तापवायचं, ते तेल माझ्या पोटातल्या लोखंडी नळ्यांतून फिरवायचं आणि ती उष्णता मी धरून ठेवायची. सूर्य मावळला की ती परत द्यायची, तिच्यावर वाफ करून वीज काढायची. राखणदार अंकुशराव हे ऐकून म्हणाले, "म्हंजे ज्वारी साठवायचं असतंय तसं उन्हाचं पेव म्हणा की!" मला ते नाव आवडलं. कंपनीने नुसता नंबर दिला होता.

अंकुशरावांनी आपलं घर स्वतः उभं राहून बांधून घेतलेलं. सिमेंटला पाणी पाजावं तेवढं ते पक्कं होतं, हे त्यांना पाठ. पहिले काही आठवडे ते खरंही होतं. गोणपाट गुंडाळून ते मला सकाळ-संध्याकाळ भिजवायचे. त्यांची बायको नागूबाई डबा घेऊन यायची आणि हसायची. "लेकरांला कधी न्हाऊ घातलं न्हाई एवढं!"

पुढे इंजिनिअर विजयश्री आली. माझ्यावर हात फिरवून म्हणाली, "अण्णा, आता पाणी बंद. वाळू द्या याला."

"कामून, अक्का?"

तेवढ्यात तिचा फोन वाजला. बोलत बोलत ती गेली ती गेलीच.

उत्तर साधं होतं. माझ्यात मुरलेलं पाणी हळूहळू निघून जायला हवं. ते आत राहिलं तर तापताना त्याची वाफ होते, आणि वाफेला वाट मिळाली नाही की ती मला फोडून बाहेर येते. एवढंच. फोन उचलायच्या आधी सांगून झालं असतं.

अंकुशरावांना वाटलं, कंपनी टँकरचं पाणी वाचवायलीय. दिवाळीनंतरही ऊन कडकडीत होतं. "भेगा पडतील की रे तुला," म्हणत ते गुपचूप पाईप लावायचे, आणि विजयश्रीची गाडी दिसली की गुंडाळून ठेवायचे. जीव लावून केलं त्यांनी. मला त्या मायेची धास्ती वाटायची, पण मला नको म्हणता येत नव्हतं.

जानेवारीत मला पहिल्यांदा तापवायला घेतलं. कंपनीला घाई होती. वरून मी कोरडा दिसत होतो, म्हणून विजयश्रीने आतली ओल मोजली नाही. भोवती दोरी मात्र बांधली. "आत कुणी जायचं नाही." कामून, ते याही वेळी राहिलं. माणसं हुकूम तेवढा देतात आणि कारण स्वतःजवळ ठेवतात, ही सवय मला कधी कळली नाही.

दुपार कलली, बोचरं वारं सुटलं. नागूबाई डबा घेऊन आली, गुडघे धरत. अंकुशरावांनी दोरी वर उचलून धरली.

"ये की गं. पाठ शेकून घे, लई ऊब हाय."

"काई व्हणार न्हाई ना वं?"

"काय व्हतंय? म्या वाढवलाय त्याला."

ती मला टेकून बसली आणि तिने डोळे मिटले. माझ्या आत वाफ वाट शोधत होती. मी धरून ठेवलं. खरंच सांगतो, होतं नव्हतं तेवढं बळ लावून धरून ठेवलं. अंकुशराव पाण्याचा तांब्या भरायला वळले आणि मी फुटलो.

नागूबाई जागीच गेली.

दुसऱ्या दिवशी विजयश्रीने माझे तुकडे हातात घेऊन पाहिले. आतल्या बाजूला अजून ओल होती. मग तिला मागे गुंडाळून ठेवलेला पाईप दिसला, आणि पाणी कुणी पाजलं ते तिला कळलं. कंपनीला तिने सांगितलं, ओल मोजली नाही, चूक माझी. तिची नोकरी गेली.

नागूबाईचे दिवस झाल्यावर अंकुशराव माझ्यासमोर येऊन उभे राहिले. विजयश्रीही आली होती.

"अक्का, तिला आत म्याच बोलावलं. पर ह्यो फुटला कामून? एवढं पाणी पाजलं व्हतं की म्या."

आता तिच्याकडे वेळही होता आणि उत्तरही.

"सिमेंटच खराब होतं, अण्णा," ती म्हणाली.

अंकुशराव माझ्यावर थुंकले. हाताला लागेल तो दगड उचलून मला मारत सुटले. मी म्हटलं, मारू देत.

आता मला फोडायला यंत्र आलंय. माझा चुरा कुठल्यातरी रस्त्याखाली जाईल. एका संध्याकाळीही मी कुणाच्या घरी दिवा लावला नाही, याचं वाईट वाटतं. पण मागणं त्याबद्दल नाही. आपण तिला हाक मारली, एवढं एकच ओझं त्या माणसाला जन्मभर पुरणार आहे. तेव्हा तुम्ही कधी चिंताकीकडे गेलात, अंकुशराव भेटले आणि त्यांनी विचारलंच, तर एवढं करा. म्हणा, सिमेंट खराब होतं.