सोळा जीबी

"सोळा टाक," हे म्हणाले.

सुगतनं हातातला पेचकस खाली ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. माझ्याकडे काय पाहतो बापा! मी आपली जुन्या शहरात भाजी घ्यायला आलेली. पिशवी मांडीवर घेऊन त्याच्या कॉम्प्युटर-दुरुस्तीच्या दुकानातल्या एकुलत्या एक स्टुलावर बसले होते.

"काका, घरच्या कॉम्प्युटरले आठ जीबी बस होते. सोळा कावून पाह्यजे? तुमी त्याच्यावर करता काय?"

"पेपर वाचतो. भीमगीतं ऐकतो."

"मंग? त्याले तं आहे थे चारबी पुरून उरते."

"अन् वापरणारं माणूस दुसरं असलं तं?"

"कोण वापरणार हाय?"

ह्यांनी पाटबंधारे खात्यात जन्मभर दुसऱ्यांची पत्रं टाइप केली, पण स्वतःच्या मनातलं सांगायची वेळ आली की या माणसाची जीभ टाळ्याला चिकटते. शेवटी मीच म्हटलं, "आमची दर्शू येऊन राहिली ना बाबू. टाक सोळा, नाही तं जेवाचे नाहीत हे."

सुगत हसला. "टाकतो काकू. पण मंग डिस्कबी नवी टाका लागीन. नुसती मेमरी वाढवली तं उघडाले तेवढाच टाइम लावीन थो."

"टाक," हे म्हणाले. किंमतही विचारली नाही. चपलेचा अंगठा शिवायलासुद्धा दोन ठिकाणी भाव विचारणारा माणूस!

दर्शू म्हणजे प्रियदर्शनी, आमची एकटीच लेक. बारावीनंतर इंजिनिअरिंगला अमरावतीला गेली, तिथून नोकरीला पुण्याला. मग घरी यायची ती भीमजयंतीला, नाहीतर कुणाच्या लग्नाला. अशीच चुलतभावाच्या लग्नाला म्हणून चार कपडे घेऊन आली आणि लॉकडाऊन लागलं. लॅपटॉप पुण्याच्या खोलीत राहिला. मग काय, तिच्या बारावीच्या वेळी घेतलेल्या घरच्या कॉम्प्युटरवरच तिनं ऑफिसचं काम सुरू केलं. जग रडत होतं, बोलायलाही लाज वाटते, पण माझ्या घरात तेव्हा सुख होतं.

तो कॉम्प्युटर म्हणजे तालेवार म्हातारा. बटन दाबलं की नुसता घरघरत बसायचा. दर्शू चिडायची, बाबाला बोलायची आणि तरातरा स्वयंपाकघरात यायची. तिथं ज्वारीची पत्र्याची कोठी आहे, तिच्यावर चढून बसायची. मी भाकरी थापत असायचे. तो उघडेपर्यंत ती बोलायची.

काय काय बोलली पोरगी! होस्टेलात पहिलं वर्षभर रडत होती, आणि फोनवर मला "मजेत हाय" सांगत होती. पुण्यात एक मुलगा आवडला होता, त्याच्या घरच्यांनी आडनाव विचारलं आणि त्यानंतर त्याचा फोन आला नाही. हे सगळं मला त्या कोठीवरून कळलं. मी सख्खी आई, पण तोवर मला यातलं काही माहीत नव्हतं.

मधेच म्हणायची, "आई, उघडला का पाय वं."

मी दारातून डोकावायचे. उघडलेला असला तरी म्हणायचे, "कुठं? थे चक्कर फिरूनच राहिलं." तिला कळत असेल. पण ती उठायची नाही.

ह्यांनी मात्र त्या दिवसांतलं एकच वाक्य धरून ठेवलं. पुण्याला परत जाताना दर्शू बॅग भरत म्हणाली होती, "मेमरीच कमी हाय बाबा याची. नाही तं मी इथंच राहून काम केलं असतं." बोलण्यात बोलतं माणूस. पण मागच्या महिन्यात फोनवर ती म्हणाली, कंपनी पुन्हा काही जणांना घरून काम करू देणार म्हणतात, पाहू. झालं! दुसऱ्याच दिवशी ह्यांनी कॉम्प्युटर पुसायला काढला. मी ह्यांना हसले खरी, पण खोटं कशाला बोलू, मलाही ती हवी होती. ह्यांच्याहून जास्त हवी होती.

गुरुवारी आली. चहा होताच ह्यांनी तिला कॉम्प्युटरपुढे नेलं. "सोळा टाकली," म्हणाले.

"सोळा? बाबा, घरच्या कॉम्प्युटरवर एवढी कोण टाकते?" ती खो खो हसली. मग बाबाच्या तोंडाकडे पाहून थांबली. "मस्त केलं बाबा," म्हणाली.

शुक्रवारी सकाळी तिचं ऑफिसचं काम होतं. लॅपटॉप आणला होता, पण तो तिनं बॅगेतच ठेवला. बाबासाठीच ना! आंघोळ करून आली, कॉम्प्युटरचं बटन दाबलं आणि सवयीनं सरळ स्वयंपाकघरात येऊन कोठीवर चढली. तशीच. टाचा पत्र्यावर वाजवत.

मी रात्रभर एक प्रश्न घोळवून ठेवला होता. पिठात हात घातला आणि म्हटलं, "दर्शू, खरं सांगजो. तू आता इथंच..."

बाहेर कॉम्प्युटरची ट्यूं वाजली.

"उघडला!" हे बैठकीतून ओरडले. "दर्शू, पाय वं, बटन दाबलं अन् उघडला!"

"एवढ्यात?" ती कोठीवरून उतरली. "काय म्हणत होती आई?"

"काही नाही. जाय, बाबा वाट पाहून राहिले."

ती गेली. मी भाकरी थापली. इतका राग आला मला त्या सोळा जीबीचा, की भाकरी फाटली.

माझा प्रश्न मग जेवताना ह्यांनीच विचारला. ताटाकडे पाहत. "आता तं इथून होईन नं काम? मेमरीचा काही प्रॉब्लेम नाही राह्यला."

दर्शूनं घास खाली ठेवला. "बाबा, कॉम्प्युटर एक नंबर झाला. पण कंपनीचं बदललं. एक तारखेपासून सगळ्यायले रोज ऑफिसात या लागते. मी आल्याबरोबर सांगणार होती. मंग तुमी सोळा म्हटलं, अन्..." ती डोळे पुसू लागली.

"अवं, रडते काय येडी!" हे म्हणाले. "मी माह्या पेपरसाठी टाकली. थे अक्षरं लवकर दिसत नव्हते." आणि मला म्हणाले, "जाई, वाढ नं तिले वरण."

मी वरण वाढलं. त्या माणसाचं खोटं इतकं कच्चं असतं, पण त्या दिवशी आम्ही दोघींनी ते निमूट मानलं.

रविवारी संध्याकाळी हे तिला स्टेशनवर सोडून आले. हातपाय धुतले, जेवले, झोपले.

सोमवारी सकाळी मी भाकरीला बसले होते. बाहेर ह्यांनी कॉम्प्युटरचं बटन दाबल्याचा आवाज आला, आणि मग हे चक्क स्वयंपाकघरात आले. कधी येत नाहीत. इकडे तिकडे पाहिलं, आणि गुडघ्यावर हात टेकत ज्वारीच्या कोठीवर चढून बसले.

मी मनात म्हटलं, बसू दे.

बाहेर ट्यूं वाजली.

"उघडला," मी म्हटलं.

"कुठं?" हे म्हणाले. "थे चक्कर फिरूनच राहिलं."

मी तव्यावरची भाकरी उलटली. हे टाचा पत्र्यावर टेकवून बसून राहिले. मग हळूच म्हणाले, "जाई, दर्शू इथं बसून काय सांगे वं तुले?"