'नी' म्हणजे 'ची'

पंडित झोपे सरांचं आडनाव झोपे, पण शुद्धलेखनाच्या बाबतीत या माणसाने छत्तीस वर्षांत एकदाही डुलकी घेतली नाही. गाव फैजपूर, नोकरी जळगावच्या शाळेत, विषय मराठी. निवृत्त झाले तरी खोड काही गेली नाही. घरी लग्नपत्रिका आली की आधी लाल पेन काढायचे, मग तारीख बघायचे. खान्देशातल्या पोरांनी 'शाळा'ऐवजी 'शाया' लिहायचं आणि सरांनी वही तांबडी करायची, हाच जन्मभराचा धंदा. अशा माणसाला जळगावातल्या एका वाचक मंडळाने नव्या ब्लॉगांच्या स्पर्धेचा परीक्षक केलं, म्हणजे माकडाच्या हाती कोलीतच की. असं मंडळातलेच लोक पुढे म्हणाले. नेमणूक झाली तेव्हा मात्र याच लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या.

स्पर्धेचे नियम सरांनीच लिहिले. ब्लॉग वर्षाच्या आतला हवा, लिहिणारा खान्देशातला हवा. मांडणीला चाळीस गुण, मजकुराला साठ, आणि त्या साठातले वीस शुद्ध प्रमाण भाषेला. ही शेवटची अट नसेल तर मी परीक्षक नाही, असं त्यांनी ठणकावून सांगितलं होतं. मांडणीचे गुण द्यायला सबीहा होती. ती शहरात संगणकाचे वर्ग चालवायची, दुकानदारांना वेबसाइट करून द्यायची. बोलायची थोडं, पण मुद्द्याचं.

एकतीस ब्लॉग आले. दोघं रोज दुपारी मंडळाच्या खोलीत बसून एकेक उघडायचे. एका साहेबांच्या ब्लॉगवर पान उघडलं की गुलाबाच्या पाकळ्या पडायच्या आणि सनई वाजायची. ती बंद कशी करायची हे सबीहालाही सापडेना. एका बाईंनी भरीत-पुरीची एकच कृती चार वेळा टाकली होती, दर वेळी मीठ वेगळं. एकाने जांभळ्या पानावर हिरवी अक्षरं केली होती. सर म्हणाले, "हे वाचायला चष्मा नको, वैद्य पाहिजे." सबीहा हसली आणि तिने चाळीसपैकी सहा लिहिले.

बाविसावा ब्लॉग उघडला आणि हसणं थांबलं. नाव होतं 'बठ्ठं सांगसू', म्हणजे सगळं सांगणार. लिहिणारी पुनम, पारोळ्याजवळच्या खेड्यातली, धुळ्याला कॉलेजात शिकणारी. पांढरं पान, काळी अक्षरं, एकही फोटो नाही. सगळा मजकूर अहिराणीत. नऊ लेख होते आणि नऊही तिच्या थोरल्या बहिणीवर, दिपमालावर. दिपू दहावीला गणितात नापास झाली, पण पारोळ्याच्या सगळ्या एसट्यांच्या वेळा तिला तोंडपाठ होत्या. दिपूने धाकटीला सायकल शिकवली आणि स्वतःचा दात पाडून घेतला. लग्न झाल्यावर दिपू आठवड्यातून एकदाच फोन करायची, बाजाराच्या दिवशी, भाजीवालीच्या फोनवरून. हे सर भराभर वाचत गेले. नव्या सुनेला स्वतःचा फोन का नसावा, हा प्रश्न त्यांना पडला नाही. 'भाजीवाली'तला 'जी' ऱ्हस्व का लिहिला, हा मात्र पडला.

नववा लेख सगळ्यात लहान. दिपू भाजली. धुळ्याच्या दवाखान्यात तीन दिवस होती. तीन दिवसांत एकदाच शुद्धीवर आली तेव्हा पुनम एकटी जवळ होती. दिपू म्हणाली, "पुनी, सासूनी साडी जायी." बस. मग गेली. पुढे पुनमने काही लिहिलंच नव्हतं.

सरांच्या डोळ्यांत पाणी आलं. खोटं कशाला बोला, खरंच आलं. फैजपूरकडची बोली वेगळी आणि धुळे-पारोळ्याची अहिराणी वेगळी, पण सरांना वाटायचं की आपल्याला सगळं येतं. 'ळ'चा 'य' होतो आणि 'नी' म्हणजे 'ची', हे तर ते वर्गात फळ्यावर लिहून द्यायचे. सासूनी साडी जायी, सासूची साडी जळाली. म्हातारीच्या पदराने पेट घेतला असेल, ही पोर विझवायला धावली असेल आणि स्वतःच गेली. त्या रात्री जेवताना ते बायकोला म्हणाले, "सासूसाठी जीव दिला पोरीनं. अशा सुना आता कुठे राहिल्या?"

दुसऱ्या दिवशी सबीहाने मांडणीला अडतीस दिले. सरांनी विचारलं, "एवढे? यात मांडणी आहे कुठे?"

"तिच्या आणि वाचणाऱ्याच्या मध्ये काही येत नाही सर. त्याचेच दिले."

मजकुरालाही सरांनी चाळीसपैकी एकोणचाळीस दिले. पण भाषेचे वीस? अहिराणीला शून्य, नियमच तसा. पुनम चौथ्या नंबरावर घसरली आणि तो गुलाबाच्या पाकळ्यांचा साहेब पहिला आला. हे सरांना काही सहन होईना. नियम बदलायचा तर स्वतःची थुंकी गिळावी लागणार. मग त्यांनी दुसरी वाट काढली.

"मी तिला शुद्ध करून देतो. ती आपल्या हाताने टाकेल. गुण मिळतील."

"ती तशीच राहू द्या सर," सबीहा म्हणाली. "चौथी आली तर चौथी."

"तुम्हाला भाषेतलं कळत नाही ताई," सर म्हणाले, आणि सबीहा गप्प बसली. पुढे कितीतरी दिवस ती या गप्प बसण्यावर स्वतःलाच बोल लावत होती.

सरांनी पुनमला फोन केला. पोरगी आधी अवघडली. म्हणाली, सर, आमच्या घरी असंच बोलतात, दिपू असंच बोलायची. सर म्हणाले, "बाळ, मी तुझ्या बहिणीला हात लावत नाही, फक्त कपडे बदलतो. पुण्या-मुंबईचा माणूस वाचेल. पेपरवाला वाचेल. शहाणी माणसं प्रमाण भाषेतलंच खरं मानतात." हे शेवटचं वाक्य तिच्या वर्मी लागलं असणार. ती म्हणाली, "बरं सर. तुम्ही म्हणता तर."

सरांनी नऊ लेख चार दिवसांत स्वच्छ केले. नवव्यात लिहिलं, 'पुनम, सासूबाईंची साडी जळाली.' 'बाई' त्यांनी आपल्या पदरचं घातलं, मेलेल्या माणसाच्या तोंडी अनादर नको म्हणून. पुनमने जुनं पुसून नवं टाकलं. आठ लेख तिने वाचून टाकले. नववा न वाचता. लिहिल्या दिवसापासून तो तिने कधी उघडलाच नव्हता.

ब्लॉग पहिला आला. बक्षीस समारंभाच्या दिवशी तिची परीक्षा होती, म्हणून प्रमाणपत्र टपालाने गेलं. मंडळाने बक्षीसपात्र ब्लॉगांचं छोटं पुस्तकही काढलं, त्यात सरांचा अभिप्राय छापला, 'भाषा निर्दोष.'

पुस्तक निघून चार महिने झाले असतील. एका सकाळी दोघी मायलेकी सरांच्या दारात उभ्या राहिल्या. पुनम आणि तिची आई बेबाबाई. सरांना वाटलं, आभार मानायला आल्या. त्यांनी आत हाक मारून चहा सांगितला. पुनमने पिशवीतून तेच पुस्तक काढून टेबलावर उघडं ठेवलं.

"सर, 'सासूनी' म्हणजे काय?"

"सासूची," सर म्हणाले. पाठच होतं ते.

"सासूने पण होतं सर. मायनी सांगं म्हणजे आईने सांगितलं. आणि साडी जळाली असती तर दिपू 'जयनी' म्हणाली असती. ती 'जायी' म्हणाली. जाळली. सासूने साडी जाळली. दिपूच्या अंगावरची."

सर पुस्तकाकडे बघत राहिले. वाक्य अचानक सरळ झालं. मग पुनमने राहिलेलं सांगितलं. सासूवर फिर्याद बेबाबाईने केलेली. धुळ्याच्या कोर्टात खटला उभा राहिलेला. मामाने दटावलं होतं की खटल्याबद्दल अवाक्षर लिहायचं नाही, म्हणून तिने बहिणीचं एक वाक्य तेवढं लिहिलं, आपलं काहीच जोडलं नाही. दुसरा साक्षीदार नाही. आणि सासरचे पहिल्या दिवसापासून काय सांगत होते? म्हातारीच्या साडीने पेट घेतला आणि सून विझवायला गेली. आता त्यांच्या वकिलाने हे पुस्तक कोर्टात दाखल केलं होतं. बघा, मयताची सख्खी बहीणच लिहिते, सासूबाईंची साडी जळाली. वर बक्षीसही घेते.

बेबाबाईने चहाला हात लावला नाही. ती सरांना एवढंच म्हणाली, "सर, तुम्ही तर शिकेल माणूस शेत. माले इचारी लेतात ना."

एवढा शिकलेला माणूस, आणि तिला विचारून घेणं म्हणजे एक फोन. सरांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. छत्तीस वर्षं दुसऱ्याच्या चुकीवर रेघ ओढली, आणि स्वतःची चूक निघाली ती अशी. "मी येतो कोर्टात," ते म्हणाले. "माझी चूक मी सांगतो. मूळ वाक्य माझ्या वहीत उतरवलेलं आहे, तारखेसकट."

पुढच्या महिन्यात सरांची साक्ष झाली. इस्त्रीचा सदरा, हातात वही. सरकारी वकिलांनी विचारलं तसं त्यांनी स्वच्छ सांगितलं. मूळ काय होतं, मी काय केलं, चूक माझी, मुलीची नाही. बाकावर बेबाबाई हात जोडून बसली होती. सरांना वाटलं, निस्तरलं. मग बचावाचे वकील उठले. आवाज अगदी मऊ.

"सर, मराठी किती वर्षं शिकवलंत?"

"छत्तीस."

"हे वाक्य पहिल्यांदा वाचलंत तेव्हा काय अर्थ लावलात?"

"सासूची साडी जळाली."

"तेव्हा शेजारी बसून कोणी सांगत होतं? कुणाचा दबाव?"

"नाही."

"अहिराणीत 'नी' म्हणजे 'ची' होतं की नाही?"

सरांच्या लक्षात आलं की इथे एक 'नाही' म्हटलं तर बाजी पलटेल. एकच शब्द. कोण व्याकरणाचं पुस्तक उघडून बघणार होतं? पण जन्मात ज्याने वेलांटी चुकू दिली नाही त्याची जीभ वळेना.

"होतं. 'ने'पण होतं. इथे 'ने' आहे, कारण 'जायी' म्हणजे जाळली. जळाली असतं तर 'जयनी' आलं असतं."

"वा. हा 'जायी' आणि 'जयनी'चा फरक तुम्हाला छत्तीस वर्षं माहीत होता?"

"नव्हता."

"कधी कळला?"

"गेल्या महिन्यात."

"कुणी शिकवला?"

सरांनी पुनमकडे पाहिलं. ती खाली बघत होती. तिला पुढचं कळलं होतं, सरांना अजून कळलं नव्हतं.

"पुनमने. माझ्या घरी येऊन समजावून सांगितलं तिने."

वकील न्यायाधीशांकडे वळले. "साहेब, एवढं नोंदवून घ्यावं. फिर्यादीच्या मुलीने साक्षीदाराच्या घरी जाऊन त्याला शिकवलं."

"तसं नाही," सर म्हणाले. "तिने भाषा शिकवली मला."

"तेच म्हणतोय मी सर," वकील म्हणाले आणि खाली बसले.

दोन महिन्यांनी निकाल लागला. सासू सुटली. दिपमालाच्या तोंडच्या वाक्याचे दोन अर्थ संभवतात, जाणकार साक्षीदाराने स्वतःहून लावलेला पहिला अर्थ आरोपीच्या बाजूचा आहे आणि दुसरा त्याला शिकवण्यात आला, म्हणून संशयाचा फायदा. निकालपत्रात सरांचं नाव तीनदा आलं, तिन्ही वेळा शुद्ध.

सर त्या दिवशीही धुळ्याला गेले होते. कोर्टाच्या पायऱ्यांवर त्यांनी पुनमला गाठलं. काय बोलायचं ते येताना एसटीत मनाशी जुळवलं होतं, ते तसंच राहिलं. वरच्या कोर्टात जाऊ, असं काहीसं ते पुटपुटले. इतके दिवस सरांशी जपून शुद्ध बोलणारी पुनम त्या दिवशी आपल्या बोलीत बोलली.

"सर, मनी बहीन एकच वाक्य बोलनी व्हती."

एवढं बोलून तिने आईचा दंड धरला आणि दोघी पारोळ्याच्या गाडीकडे चालू लागल्या.