अण्णांनी लिहिलेला नंबर

अण्णांना जाऊन सव्वा महिना झाला, तरी त्यांच्या कॉम्प्युटरला वॉरंटी आहे की नाही हे कुणी छातीठोकपणे सांगायला तयार नव्हतं. कमल तिसऱ्यांदा सिविल लाइंसमधल्या त्या सर्व्हिस सेंटरच्या काउंटरसमोर येऊन बसली होती. कॉम्प्युटर दुरुस्त झाला काय आणि न झाला काय, तिला त्याचं काही पडलेलं नव्हतं. आईला तर तो चालूही करता येत नसे. कमलला फक्त एवढंच जाणून घ्यायचं होतं, की चूक अण्णांची होती का.

कारण जूनमध्ये, इंदूरहून फोनवर, ती त्यांना म्हणाली होती, "अण्णा, हल्ली तुमच्या लक्षात राहत नाही. एकदा डॉक्टरांना दाखवून घ्या."

पलीकडून "बरं" एवढा एक शब्द आला. सप्टेंबरात एका सकाळी, चहाचा कप हातात असतानाच अण्णा गेले. हृदय बंद पडलं. डोक्याचं काय झालं होतं, मुळात काही झालं होतं की नव्हतं, हे आता कुणाला विचारणार? उरली होती ती कॉम्प्युटरच्या कागदांची ही निळी फाइल.

भानगड सांगायला सोपी होती आणि समजायला अवघड. मागच्या दिवाळीत अण्णांनी कॉम्प्युटर घेतला, तीन वर्षांच्या वॉरंटीसकट. सोळाव्या दिवशी त्याचा पडदा काळा पडला तो पडलाच. कंपनीने तो परत नेला आणि दुसरा दिला. पण वॉरंटी राहिली पहिल्याच्या नंबरावर. ती दुसऱ्याच्या नंबरावर आणायची तर एक फॉर्म भरावा लागे. अण्णांनी तो भरून दिला. मे महिन्यात हा दुसराही बिघडला, तेव्हा सेंटरमध्ये त्यांना सांगितलं गेलं की या मशीनवर वॉरंटी नाही. पहिल्यावरची निघाली होती खरी, पण ती जाऊन बसली होती तिसऱ्याच कुठल्या तरी मशीनवर, जे अण्णांनी कधी डोळ्यांनीही पाहिलं नव्हतं. तुम्हीच नंबर चुकीचा लिहिलात, असं सेंटर म्हणत होतं. मी बरोबर लिहिला, असं अण्णा म्हणत होते.

अण्णांनी चौतीस वर्षं इथे, या हिंदी मुलखात, रेल्वेच्या वर्कशॉपात, स्टोअरमध्ये, सुट्या भागांचे नंबर जुळवण्यात काढली होती. तरीही कमलने सेंटरवर विश्वास ठेवला. एका आठवड्यात अण्णांनी हीच हकीकत तिला तीनदा सांगितली होती, आणि तिन्ही वेळा ते नव्या कॉम्प्युटरला जुना आणि जुन्याला नवा म्हणाले होते. तिथेच तिच्या मनात पाल चुकचुकली.

"आंटी जी, पहले ये बताइए," काउंटरमागची मुलगी म्हणाली, "ख़राब कौन-सा है? पुराना वाला, कि नया वाला?"

"नया वाला. मतलब, पुराना तो आप लोग ले गए ना."

"तो जो घर पर है, वो पुराने के बदले वाला नया है?"

"हां. पर अब वो भी साल भर पुराना हो गया."

मुलीने कपाळाला हात लावला. "आप तो बिलकुल अंकल जी जैसा बोलती हैं!"

कमलही आत्ता जुन्याला नवा आणि नव्याला जुना म्हणाली होती, आणि तिचं डोकं तर, तिच्या समजुतीप्रमाणे, ठिकाणावर होतं.

"वो हर मंगल को आते थे," मुलगी सांगू लागली. "यही फ़ाइल लेके. इतने प्यार से बहस करते थे कि हम उनके लिए पानी पहले मंगवा लेते थे. आजकल आते नहीं. तबीयत ठीक नहीं है क्या?"

कमलने काय ते सांगितलं. मुलीचे हात कीबोर्डवर तसेच राहिले.

"हमें किसी ने बताया ही नहीं," ती म्हणाली, आणि हे आपल्याला का बरं कुणी सांगावं, असं तिचं तिलाच वाटलं असावं. तिने मान खाली घालून काहीतरी शोधलं आणि पडदा कमलकडे वळवला. "देख लीजिए. उन्हीं की लिखाई है ना? जो लिखा था, हमने वही चढ़ाया. तीन शून्य नौ दो, छह नौ शून्य तीन."

फाइलमधल्या, दुसऱ्या कॉम्प्युटरच्या पावतीवर, छापील अक्षरांत, नंबर होता 30127103. सेंटरच्या कॉम्प्युटरात होता 30926903. कमलने दोन्ही बोट ठेवून ताडून पाहिले. आठातले तीन आकडे चुकलेले. एखादा आकडा चुकणं कुणाचंही होतं. तीन म्हणजे फार झाले. तिला एकदम दमल्यासारखं वाटलं. मग तिने पडद्यावरच्या फॉर्मकडे पाहिलं. एकेका चौकोनात एकेक आकडा, अण्णांच्या त्या उभट, रेखीव वळणाचा. तीन. शून्य. आणि मग...

तो नऊ नव्हता. एक होता. मराठीतला एक.

तिने खुर्ची पुढे ओढली. तीन, दोन आणि शून्य दोन्हीकडे जवळजवळ सारखेच, त्यामुळे कुणाला शंका येण्याचं कारण नव्हतं. पण दोन्ही एकांचे यांनी नऊ वाचले होते, आणि साताचा सहा.

"ये नौ नहीं है बेटा. एक है."

"एक तो ऐसे होता है." मुलीने हवेत एक उभी रेघ ओढली.

"हिंदी वाला एक. और ये सात."

"हिंदी वाली गिनती?" मुलगी पडद्यापाशी नाक नेऊन बघू लागली. "वो तो हमें आती ही नहीं, आंटी जी. मम्मी को आती होगी." थोड्या वेळाने तिने विचारलं, "तो फिर ग़लती किसकी हुई?"

अण्णांनी नंबर बरोबर लिहिला होता. मुलीने समोर दिसलं तसंच वाचलं होतं.

"और वो जो दूसरी मशीन है? जिस पर वॉरंटी चढ़ गई?" कमलने विचारलं.

"होगी कहीं. किसी के घर में रखी होगी, वॉरंटी पहन के," मुलगी म्हणाली, आणि दोघींनाही नको त्या वेळी हसू आलं.

मुलीने जुन्या फॉर्मची प्रत काढून दिली आणि वर एक कोरा फॉर्म. "मम्मी जी के नाम से भर दीजिए. नंबर मशीन के पीछे से देख के ही लिखिएगा. और अंग्रेज़ी में, हां!"

घरी, नगऱ्याकडे जाणाऱ्या शेअरच्या टेंपोत बसल्यावर कमलला हलकं वाटलं. चुकले नव्हते ते. इलाइट चौकापर्यंत हे समाधान टिकलं. तिथे टेंपो खोळंबला, म्हणून तिने फॉर्मची प्रत उघडून पुन्हा पाहिली.

फोन नंबर इंग्रजी आकड्यांत होता. पिनकोडही. तारीखही. फक्त ती एक मधली ओळ मराठीत होती.

ऑफिसचा कागद म्हटला की अण्णा इंग्रजीच आकडे लिहीत. मराठी आकडे घरातले, लोणच्याच्या बरणीवर तारीख घालायला किंवा कॅलेंडरवर सिलिंडर लागल्याची खूण करायला. दोन्हींची गल्लत तिने आजवर पाहिलेली नव्हती. मग इंग्रजी फॉर्म भरता भरता, अर्ध्यावर, त्यांचा हात घरात कसा शिरला? आणि पुढच्याच ओळीला बाहेर कसा आला? त्यांच्या तेही लक्षात आलं नसेल? की ती फोनवर म्हणाली होती त्या विसरण्याची ही सुरुवातच होती?

घरी आई व्हरांड्यात उन्हाला पाठ देऊन गवार मोडत होती. कमलने तिच्यासमोर फॉर्म धरला.

"आई, अण्णांनी हा भरला तेव्हा तू होतीस?"

"होते की. मीच तर टॉर्च धरली. नंबर त्या कॉम्प्युटरच्या डब्याच्या मागे, अगदी खाली. ह्यांना कुठलं वाकवतंय? मीच वाचून दाखवला."

कमलने मधल्या ओळीवर बोट ठेवलं. "मराठीत वाचलास?"

"मग काय फारसीत वाचणार?"

म्हणजे तसं झालं असेल. आईने मराठीत सांगितलं, ते कानांनी मराठीत ऐकलं आणि हाताने तसंच उतरवलं. यात विसरणं कुठे आलं? कमल पायरीवर बसली.

"नाही ग, थांब," आई म्हणाली. तिची बोटं थांबली. "टॉर्च मी धरली. वाचला त्यांनीच, बहुतेक. गुडघे टेकून बसले होते, मी रागावले पण होते... की तो गॅसवाल्यांचा फॉर्म? गॅसवाल्यांचा मी वाचला."

"आई, नीट आठव ना."

"अगं, एवढं काय त्यात? नंबर बरोबर होता ना?"

"बरोबर होता."

"झालं तर मग."

कमलला वाटलं, आता सांगून टाकावं. "मी त्यांना डॉक्टरांकडे जा म्हटलं होतं. जूनमध्ये."

"ठाऊक आहे," आई म्हणाली आणि पुन्हा गवार मोडू लागली.

"काय म्हणाले?"

"काही नाही. ते काय म्हणणार!"

याहून जास्त काही निघेना. कमल उठून आतल्या खोलीत गेली. टेबलावरचा कॉम्प्युटर आईने जुन्या उपरण्याने झाकून ठेवला होता. कमल गुडघ्यांवर बसली आणि मोबाइलचा उजेड डब्याच्या मागे धरला. वायरींच्या गुंत्यामागे चिकटवलेली पट्टी दिसली, पण अक्षरं बारीक, वर धूळ. तिने बोटाने पुसलं. चष्मा बाहेरच राहिला होता.

"आई, माझा चष्मा दे ग. दिसत नाहीये काही."

आई दारात आली. चष्मा तिच्या हातात नव्हता.

"तीन शून्य एक दोन, सात एक शून्य तीन," ती म्हणाली.

कमलने वळून पाहिलं.

"पाठ आहे तुला?"

"तुझा फोन आला ना, तेव्हापासून रोज म्हणायचे. आंघोळीच्या आधी. मला समोर बसवायचे, पावती माझ्या हातात द्यायचे आणि म्हणायचे, बघ हं, चुकतो का." आईने पदराने हात पुसले. "शेवटपर्यंत म्हणत होते. माझी भाकरी तव्यावर, आणि हे पाढे म्हटल्यासारखे सुरू."

बाहेर भाजीवाल्याची हाक आली आणि गल्लीत पुढे निघून गेली. विचारू नये असं वाटत असताना कमलने विचारलं.

"चुकले कधी?"

आईने खरोखर आठवून पाहिलं. "एकदा. कुकरची शिट्टी झाली मध्येच, तेव्हा. मग पुन्हा पहिल्यापासून म्हणाले."

कमलने कोरा फॉर्म मांडीवर घेतला. पेनाचं टोपण काढलं.

"सांग परत," ती म्हणाली. "हळू सांग."

आई चौकटीला टेकून एकेक आकडा सांगू लागली. तिची म्हणण्याची चाल अण्णांची होती, चार आकड्यांनंतर थांबून श्वास घेण्याची. कमलने सेंटरमध्ये सांगितल्याप्रमाणे तो इंग्रजी आकड्यांत लिहिला. शेवटचा तीन लिहून झाल्यावर तिने नंबर आईला मोठ्याने वाचून दाखवला, आणि आईने मान डोलावली.