कोपराने उघडणारा नळ

मी एक जुना नळ आहे, मित्रांनो, पण माझ्याखाली कुणी घागर लावत नाही. गडचिरोलीकडच्या एका दवाखान्यात, कोपऱ्यातल्या खोल्यांच्या दाराशी मला बसवले आहे. माझी दांडी वीतभर लांब. ती कोपराने ढकलायची, म्हणजे धुतलेले हात पुन्हा कुठे लागत नाहीत. नवा होतो तेव्हा माझे कोण कौतुक! आता मोठे डॉक्टरसुद्धा घाईत असले की माझ्यासमोरून कोरडेच निघून जातात. रागावून काय करणार? नळाला पाय थोडेच असतात?

यंदा धानाच्या मळणीच्या दिवसांत मुलचेऱ्याकडच्या एका गावातून दिव्यानी आली. यंत्रात तिचा पाय सापडला होता. जखम चिघळली आणि नेहमीची औषधे त्या जंतूंपुढे हरली. म्हणून तिला कोपऱ्यातल्या खोलीत एकटीला ठेवले. रिना सिस्टर आत जाताना हात धुवायच्या, बाहेर येताना पुन्हा धुवायच्या. मला बरे वाटायचे.

दिव्यानीचे आजोबा श्रीहरी मात्र हे पाहून आतल्या आत जळत होते. लहानपणी विहिरीवर लोक त्यांच्या ओंजळीत लांबूनच पाणी ओतत. नातीची वेगळी खोली, तिला शिवले की हात धुणे, हे सगळे त्यांना फार ओळखीचे वाटले. आपण या पाण्याला बोटही लावायचे नाही, असे त्यांनी ठरवून टाकले. त्यांना मी कसा दोष देऊ? पाण्यावरून माणसाचा केवढा अपमान झाला आहे, हे नळाला ठाऊक नसेल तर कुणाला?

पलीकडच्या वॉर्डात त्यांचा गावचा दोस्त मुखरू होता. त्याच्या पोटाचे ऑपरेशन झाले होते. गावचा माणूस दवाखान्यात असला की त्याच्या खाटेवर बसून, अंगावरून हात फिरवून विचारपूस करायची आमच्याकडे रीत आहे. श्रीहरी नातीची पट्टी सावरून उठायचे आणि तसेच मुखरूकडे जायचे. त्याचीही सरकलेली पट्टी मायेने नीट करायचे. मला ओरडता आले असते तर!

एका दुपारी त्यांचा बांध फुटला. "सिस्टर, माह्या नातीले शिवून तुमी हात काऊन धुता? आमी माणसं नाई का जी?"

रिना सिस्टर चरकल्या. "जात पाहून नाई जी, आबाजी! तिच्या जखमेतल्या जंतूले औषध लागून नाई राह्यलं. हातावरून तो दुसऱ्याच्या जखमेत जाते. मी कोणालेही हात लावला का धुते."

"मंग हे पयल्याच दिवशी काऊन नाई सांगतलं?"

श्रीहरींचा चेहरा एकाएकी उतरला. "मी तं मुखरूची पट्टी..."

त्याच आठवड्यात मुखरूला ताप भरला. त्याच्या जखमेत तोच जंतू निघाला. कुणाच्या हातून गेला, हे कुणालाच ठामपणे सांगता आले नाही. न धुतलेले हात तिथे पुष्कळ होते. दिव्यानी आता सावरते आहे. तिच्या शेजारच्या खोलीत ठेवलेल्या मुखरूचे मात्र अजून काही खरे नाही.

मित्रांनो, रुग्णाला भेटण्याआधी आणि भेटल्यावर साबणाने हात धुवा. आणि का धुता, ते समोरच्याला तोंडाने सांगा. न सांगता धुतलेला हात एखाद्याच्या जिव्हारी लागतो.

आज श्रीहरी माझ्याजवळ आले. कोपरापर्यंत साबण लावून त्यांनी हात धुतले, पुन्हा धुतले. पाणी वाहत राहिले, पण त्यांचा पाय काही आत पडेना. खोलीतून मुखरूचा बारीक आवाज आला, "श्रीहरी, बाहीर काऊन उभा हायेस? ये ना, इथी खाटेवर बस."