शनिवारची टोचणी

इस्त्रीबाई पालक संघात आल्या त्या निव्वळ चुकून. शाळेच्या सभागृहाचे पडदे धुऊन, इस्त्री करून पोचवायला त्या गेल्या होत्या. कारकून जागेवर नव्हता, म्हणून शेजारच्या वर्गात मागच्या बाकावर टेकल्या, तर तिथे पालक संघाची बैठक चाललेली. कुणीतरी हजेरीचा कागद पुढे सरकवला. पडद्यांची पोच असेल असं समजून त्यांनी सही ठोकली. त्या सहीनं पुढची सहा वर्षं त्यांची पाठ सोडली नाही.

आता दुकान लेक आणि जावई सांभाळतात. इस्त्रीबाई खुर्चीत बसून गिऱ्हाइकांना सल्ले देतात आणि ते कुणी मनावर घेत नाही. पण शनिवारची दुपार झाली की त्यांचं बोलणं हमखास त्या दिवसांवर येतं. मग जावईसुद्धा इस्त्री उभी करून ऐकत राहतो.

त्या बैठकीत विषय होता एका मुलीचा. इस्त्रीबाईंच्या लेकीच्याच वर्गात, पाचवीत, ती होती. अंगानं इतकी लहानखुरी की सगळी शाळा तिला बारकी म्हणायची. दोन वर्षांपूर्वी तापाचं निमित्त होऊन तिचे डोळे गेले होते. मग वर्षभर दूरच्या एका संस्थेत राहून ती ब्रेल शिकून आली, बोटांनी भराभर वाचायला लागली. पण वाचणार काय? शाळेचं एकही पुस्तक ब्रेलमध्ये नव्हतं. तिची आई दवाखान्यात आया होती. ती उभी राहिली आणि खाली मान घालून म्हणाली की पोरीला पुन्हा संस्थेत ठेवते, इथे तिचं नुसतं बसणं होतंय.

संघाच्या अध्यक्ष डॉक्टरीणबाई. डॉक्टर त्यांचे यजमान होते, पण रुबाब दोघांचा मिळून यांच्याच अंगावर. त्यांनी वर्गभर नजर फिरवली आणि म्हणाल्या, "आम्हाला एक महिना द्या. पुस्तकं आम्ही करतो."

कशी करणार, हे त्या खोलीत कुणालाच ठाऊक नव्हतं, डॉक्टरीणबाईंना तर मुळीच नाही.

संस्थेतले एक म्हातारे गुरुजी ओळीनं चार शनिवार आले आणि शिवणाच्या खोलीतल्या लांब टेबलांवर त्यांनी पंधरा पालकांना कामाला लावलं. खाचांची पट्टी बसवलेली पाटी, जाड कागद आणि लाकडी मुठीची टोचणी. सहा टिंबांत सगळी बाराखडी बसवायची, तीही उजवीकडून डावीकडे, उलटी, म्हणजे कागद पालटला की ती सुलटी लागते. पहिल्या शनिवारी तिघांना चक्कर आली. दुसऱ्या शनिवारी पाचजण आलेच नाहीत. इस्त्रीबाई मात्र टिकल्या. दिवसभर जड इस्त्री दाबून त्यांच्या मनगटात जोर होता, आणि त्यांचं टिंब असं उठायचं की गुरुजी म्हणाले, बाई, जरा हलक्या हातानं, कागद काही पळून जात नाही.

कागद लागायचा तोही ढिगानं. त्यासाठी संघानं शाळेच्या क्रीडादिनी मैदानाच्या कडेला टेबलं मांडली. संघातला एक बाप घड्याळं दुरुस्त करायचा, सगळे त्याला घड्याळजी म्हणत. त्यानं बंद पडलेली घड्याळं तिथल्या तिथे चालू करून दिली. इस्त्रीबाईंनी तर कमालच केली. वर्गातून लांब वायर ओढून, चादरीचा आडोसा करून त्यांनी लोकांच्या अंगातले शर्ट काढून घेतले आणि कडक इस्त्री मारून परत केले. आडोशामागे गंजीफ्राकातल्या बापांची रांग लागली. मुख्याध्यापकही त्या रांगेत उभे होते, हातांची घडी घालून, भाषण द्यायला निघाल्यासारख्या चेहऱ्यानं. त्या दिवसाच्या देणगीतून वर्षभराचा कागद आला.

मग शनिवारची घडी बसली. डॉक्टरीणबाई पुस्तकातून ज्याच्या त्याच्या वाट्याचा मजकूर मोठ्यानं वाचायच्या आणि बाकीचे टोचायचे, मध्येच त्याही टोचणी घ्यायच्या. अर्थाकडे कुणाचं लक्ष नसायचं. काना, मात्रा, वेलांटी चुकली नाही म्हणजे मिळवली. बारकी सोमवारी पानं वाचायची आणि कुणाचा हात कोणता हे अचूक सांगायची. घड्याळजींची टिंबं एकसारखी, डॉक्टरीणबाईंची पुसट, कारण त्यांची नखं मध्ये यायची. इस्त्रीबाईंना ती एकदा म्हणाली, "तुम्ही परवा घाईत होतात ना? शेवटच्या पानावर धावलात." दुकानात लग्नाचे कपडे खोळंबले होते, ही गोष्ट इस्त्रीबाईंनी कुणाला सांगितलेली नव्हती.

दुसऱ्या वर्षी तो घोटाळा झाला. विज्ञानाचा एक अख्खा धडा, चाळीस पानं, कपाटात ठेवताना त्यावर पाण्याचा जग लवंडला. पानं ओलावून पापडासारखी वाकडी झाली. इस्त्रीबाई म्हणाल्या, द्या माझ्याकडे, हा तर माझा धंदा. घरी नेऊन त्यांनी एकेक पान असं दाबलं की सुरकुती औषधालाही उरली नाही. सोमवारी पानं बारकीच्या हातात दिली. तिची बोटं पहिल्या पानावर फिरली, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. ती जरा घुटमळली आणि हळूच म्हणाली, "इस्त्रीबाई, इथे काहीच नाहीये."

सुरकुत्यांबरोबर टिंबंही गेली होती.

कुणी रागावलं नाही, उलट घड्याळजी हसून हसून खोकले. पण इस्त्रीबाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो धडा एकटीनं पुन्हा करायचा, असं त्यांनी ठरवून टाकलं. रोज दुपारी दुकानात गिऱ्हाईक कमी असे तेव्हा कपड्यांच्या गाठोड्यांमध्ये पाटी मांडून त्या बसायच्या. आता वाचून दाखवायला डॉक्टरीणबाई नव्हत्या. स्वतःच वाचायचं, स्वतःच टोचायचं. इस्त्रीबाईंची शाळा सातवीत सुटली होती. वडील गेले आणि धाकट्या भावंडांसाठी त्या घाटावर कपडे धुवायला लागल्या. त्यानंतर किराण्याच्या पुडीपलीकडे त्यांनी काही वाचलं नव्हतं. धडा होता हृदयाचा. चार कप्पे, त्यांना झडपा, रक्त फुप्फुसात जाऊन परत येतं. त्यांनी टोचणी खाली ठेवली आणि छातीवर हात ठेवून थोडा वेळ तशाच बसल्या. चाळीस वर्षं हे आत चाललंय आणि आपल्याला पत्ता नाही! शनिवारी त्यांनी घड्याळजींना गाठून विचारलं की झडप एकाच बाजूला कशी उघडते. घड्याळजींनी सायकलचा पंप आणून दाखवला.

तिथून चस्का लागला. सातवीचा इतिहास, आठवीचा भूगोल, नववीचं व्याकरण, इस्त्रीबाई प्रत्येक धडा आधी वाचायच्या आणि मग टोचायच्या. दुकानात शर्टाची कॉलर दाबता दाबता ज्वालामुखी का फुटतो ते गिऱ्हाइकाला सांगायच्या. लेक लाजेनं लाल व्हायची.

दरवर्षी मंडळी गळत गेली. ज्यांची मुलं शाळेतून बाहेर पडली ते पालक येईनात. दहावीच्या वर्षी शिवणाच्या खोलीत चौघंच उरले: डॉक्टरीणबाई, घड्याळजी, बारकीची आई आणि इस्त्रीबाई. एका शनिवारी बारकीही येऊन बसली होती. बीजगणिताची खूण कशी टोचायची यावर घोळ झाला, तेव्हा इस्त्रीबाईंनी गणितच सोडवून दाखवलं. बारकी म्हणाली, बाहेरून परीक्षेला बसता येतं, तुम्ही बसा ना आमच्याबरोबर. इस्त्रीबाई हसायला लागल्या. डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. फी आणि पुस्तकं संघ देईल, त्यासाठीच तो आहे, असं त्यांनी जाहीर करून टाकलं.

इस्त्रीबाईंचं हसू मावळलं. "मी इथे मदत द्यायला येते," त्या म्हणाल्या, "घ्यायला नाही. फी भरायची वेळ आली तर माझी मी भरीन."

बारकीची आई सहा वर्षांत कधी चार वाक्यं सलग बोलली नव्हती. तिनं हातातला कागद बाजूला ठेवला.

"सहा वर्षं मी घेतेय," ती म्हणाली. "दर शनिवारी घेते आणि घरी जाते. घेताना मला कसं वाटतं, कुणी विचारलं नाही. तुम्हीसुद्धा नाही. आता एकदा तुम्हीही घेऊन बघा. मग आपण दोघी सारख्या होऊ."

इस्त्रीबाई उठल्या. त्या बारकीच्या आईच्या शेजारी जाऊन बसल्या, आणि त्या दुपारी दोघींनी एकाच पाटीवर आळीपाळीनं काम केलं. सोमवारी फॉर्म भरला तो संघाच्या पैशानं.

त्या वर्षी इस्त्रीबाई आणि त्यांची लेक एकाच टेबलावर अभ्यासाला बसल्या आणि दिव्याच्या जागेवरून भांडल्या. बारकीनं लेखनिकाला सांगून पेपर लिहिले. निकाल लागला तेव्हा बारकी शाळेत तिसरी आली, लेक बऱ्यापैकी पास झाली आणि इस्त्रीबाई गणितात आपटल्या. पुढच्या खेपेला गणितही सुटलं. तो निकाल आणायला बारकीची आई दवाखान्यात रजा टाकून त्यांच्याबरोबर गेली होती.

सहा वर्षांची पुस्तकं संस्थेला द्यायचं ठरलं. एकेका पुस्तकाचे पाच-पाच, सात-सात जाड खंड. टेम्पो गच्च भरला. टेम्पो गेला आणि शनिवारही संपले. पण इस्त्रीबाईंचे पाय पुढे कितीतरी महिने दुपारी दोनला शाळेकडे वळायचे. फाटकापाशी आल्यावर आठवायचं आणि त्या परत फिरायच्या. डॉक्टरीणबाई आता नाहीत. घड्याळजी मुलाकडे राहायला गेले. बारकी लांबच्या कॉलेजात इतिहास शिकवते आणि आई तिच्याकडेच असते. दोघी फोन करतात तेव्हा तास कसा जातो कळत नाही.

गेल्या महिन्यात शाळेच्या आताच्या पालक संघानं इस्त्रीबाईंना बोलावलं होतं. तरुण आया-बापांनी त्यांना समोर बसवलं, चहा दिला, आणि हल्ली फोनच पुस्तक वाचून दाखवतो ते दाखवलं. एका आईनं विचारलं, हे बघून वाईट नाही वाटत? इस्त्रीबाई म्हणाल्या की छे, बरंच झालं, आता कुठल्या पोराला महिनाभर थांबायला नको. मग म्हणाल्या, "फक्त एक आहे. आम्ही दहाजण एकदम टोचायला लागलो की शेंगा फोडत बसल्यासारखा आवाज यायचा. मध्येच कुणी हसायचं, मग सगळे थांबायचे, मग पुन्हा सुरू. तेवढा आवाज तुम्हाला ऐकवता आला असता तर बरं झालं असतं."