मिस लिओंटीन घरात नव्हत्या

अलसीडकाकांनी मिस लिओंटीनना मागणी घालायचं ठरवलं तेव्हा मी एकच साधा सल्ला दिला होता: फोन करा. घर चार गल्ल्यांवर आहे, दोघांनाही अजून नीट ऐकू येतं, आणि जून महिन्यात भर दुपारी न्यू ऑर्लिन्समधली शहाणी माणसं पंख्याखालून हलत नाहीत. पण माझा सल्ला ऐकायची आमच्या घराण्यात पद्धत नाही.

"फोनवर?" काका म्हणाले. "ओडेसा, फोनवर मी नळवाल्याशी बोलतो."

काका अडुसष्ट वर्षांचे. काकू जाऊन अकरा वर्षं झाली. चर्चमध्ये गाणाऱ्यांत मिस लिओंटीन पुढच्या रांगेत उभ्या राहतात आणि काका बरोब्बर त्यांच्या मागे. गेली चार वर्षं काका त्यांच्या मानेकडे बघत गातायत. हे सगळ्या मोहल्ल्याला ठाऊक होतं. खुद्द मिस लिओंटीनना ठाऊक होतं की नाही कोण जाणे, कारण मानेला डोळे नसतात. आणखी चार वर्षंही अशीच गेली असती, पण त्यांच्या लेकीने (आमच्याकडे लेकरंबाळं झालेल्या बाईलाही मानाने मिसच म्हणतात) ह्यूस्टनला घर घेतलं आणि आईला कायमचं तिकडे बोलावलं. सोमवारी सकाळी ट्रक येणार होता. आज शनिवार होता.

म्हणून काकांनी बँड ठरवला. पाच माणसं, आणि त्यांचा म्होरक्या थॅडियस, जो ट्युबा अंगात घालून चालतो तेव्हा माणूस कुठे संपतो आणि पितळ कुठे सुरू होतं ते कळत नाही.

"बोलणार काय आहात?" मी विचारलं.

"बोलेन सुचेल ते. आधी बँड वाजेल, मग ती दारात येईल. बँड वाजला आणि लिओंटीन उठली नाही असं आजवर झालेलं नाही." यात काही चूक नव्हती, आणि सगळा घोटाळा त्यातूनच झाला. "आणि हे बघ, तू एक शब्द बोलायचा नाहीस तिच्याशी. चार वर्षं थांबलोय. माझ्याच तोंडून ऐकू दे तिला." मला आजीची शपथ घ्यायला लावली, तेव्हा कुठे त्यांनी बूट चढवले.

तीनला निघालो. पांढरा सूट, पिवळी झालरीची छत्री, पुढे काका, मागे बँड, बँडमागे मी. एवढीच माणसं जाणार होती. पण आमच्या गावात पहिली ओळ बँडची आणि ज्याचं कार्य असेल त्याची, आणि त्यामागे वाटेत जो भेटेल त्याची दुसरी ओळ. आमंत्रण लागत नाही, ओळख लागत नाही. ट्युबा ऐकू आला की हातातलं टाकून मागे लागायचं, आणि लग्न आहे की मयत हे चालता चालता विचारायचं. मी स्वतः एकदा दात काढायला निघाले होते ती दोन लग्नांना जाऊन आले. दात अजून तोंडात आहे.

त्यात त्या दिवशी नदीकाठच्या बाजारात टोमॅटोची जत्रा. सगळं गाव पिशव्या भरभरून परत येत होतं. पहिल्या गल्लीत आमच्यामागे बारा माणसं होती, दुसरीत साठ, तिसरीत मी मोजायचं सोडून दिलं. कुणी कोळंबीची ताटली हातात घेऊन नाचत होतं, कुणी बर्फाचा गोळा. एक गृहस्थ टोमॅटोचा पोशाख घालून आले होते, मानेपासून गुडघ्यापर्यंत गोल आणि लाल. एवढ्यात माझ्या सँडलचा पट्टा तुटला. तो गाठ मारून चढवेपर्यंत सगळी वरात माझ्या अंगावरून पुढे गेली, आणि मी पार शेपटाला पोचले, टोमॅटोशेजारी.

आणि तिथे मिस लिओंटीन नाचत होत्या.

घरातला गाऊन, पायात सपाता, अर्ध्या केसांत रोलर, आणि डोक्यावर, बाकीचे नाचताना फिरवतात त्या रुमालाऐवजी, भांडी पुसायचा फडका फिरत होता. शेजारच्या गल्लीतून बँड जातोय असं वाटलं म्हणून मागच्या फाटकातून पळत आल्या होत्या.

"ओडेसा, बेबी," त्या म्हणाल्या, "कोणाचं गं हे?"

माझ्या घशात आजी येऊन बसली. "कुणाचं तरी आहे," मी म्हणाले.

"कुणाचं का असेना, ट्युबा चांगला आहे."

पुढे बँड त्यांच्याच घरासमोर जाऊन थांबला असणार, कारण सूर तसाच राहिला आणि गर्दी तुंबली. मला दिसत काही नव्हतं, पण बातमी तोंडातोंडी मागे येऊ लागली. आधी आली ती अशी: कुणी म्हातारा मागणी घालायला आलाय आणि बाई घरात नाही. तीन ओळी मागे येईतो बाईने तोंडावर दार लावलं होतं. टोमॅटोपर्यंत पोचली तेव्हा बाई एका दातांच्या डॉक्टरबरोबर ह्यूस्टनला पळून गेली होती.

"बिचारा," टोमॅटो म्हणाला. "छत्री मिटून उभा आहे म्हणे."

मिस लिओंटीननी फडका खाली घेतला. "काय बाई तरी एकेक. माणूस या उन्हात बँड घेऊन दारात येतो, आणि हिला दातांचा डॉक्टर हवा." त्यांनी फडक्याने मान पुसली. "माझ्या दारात कुणी नुसती शिट्टी वाजवत आलं नाही गं, ओडेसा. सोमवारी ह्यूस्टनला चाललेय मी. लेक म्हणते शांत गल्ली आहे, रस्त्यावर चिटपाखरू नसतं. ती हे कौतुकाने सांगते."

मला रडू आलं, आणि रागही आला. आजी मरून तीस वर्षं झाली तरी तिच्या शपथा अजून चालू आहेत.

"कुठे राहते ती बया?" त्या एकदम म्हणाल्या. "मीच बोलते तिच्याशी."

टोमॅटोने पुढच्याला विचारलं, त्याने पुढच्याला, आणि उत्तर परत आलं. "गल्लीच्या तळ्याकडच्या बाजूचं घर आहे. हिरवं दार. ओट्यावर कुंड्या."

मिस लिओंटीन थांबल्या. "कुंड्या किती?"

"बाई, मी टोमॅटो आहे. मला माझे पायसुद्धा दिसत नाहीत."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी सँडलकडे पाहिलं.

"ओडेसा. पांढरा सूट?"

"मला शपथ आहे."

"माझ्या मागे उभा राहून चार वर्षं अर्धा सूर खाली गातो, तो?"

"मी काही बोललेले नाही."

"ते अर्धा सूर खाली मुद्दाम गातात की येतंच तेवढं?"

"येतंच तेवढं," मी म्हणाले. एवढं सांगायला आजीची हरकत नसावी.

मिस लिओंटीनचा हात केसांकडे गेला, रोलर लागले, आणि त्यांचा चेहरा शेजारच्या टोमॅटोसारखा झाला. "मला घरी ने," त्या म्हणाल्या. "मागच्या फाटकाने. पळ."

सहासष्ट वर्षांची बाई सपाता घालून एवढी पळते हे मला माहीत नव्हतं. इकडे काकांनी बँडला घरी जायला सांगितलं होतं, हे मला नंतर कळलं. थॅडियस म्हणाला, "काका, मागे तीनशे माणसं आहेत, मी इथे थांबलो तर मला तुडवतील. एक फेरी मारू गल्लीला. तोवर काय सांगावं." काका मिटलेली छत्री काखेत मारून नुसते पुढे चालू लागले.

आम्ही मागच्या दाराने आत शिरलो, सामानाच्या खोक्यांमधून वाट काढली आणि ओट्यावर आलो. वरातीचं शेपूट नुकतंच कोपऱ्याआड गेलं होतं. मिस लिओंटीननी गर्दीतलं कुणी खुर्चीवर ठेवून गेलेला वितळलेला बर्फाचा गोळा कुंडीत ओतला आणि ऐटीत बसल्या. रोलर काढायचे राहिले ते राहिलेच. मग गल्लीच्या दुसऱ्या तोंडाला ट्युबा ऐकू आला.

त्यांचा उजवा पाय हलला.

"मिस लिओंटीन, बसून राहायचं," मी म्हणाले. "ते इथवर येईतो बसायचं."

"बसलेय की." डावा पाय हलला. त्यांनी खुर्चीचे दोन्ही हात घट्ट पकडले. ढोल कोपऱ्यावर वळला तशा त्या खुर्चीसकट हलू लागल्या. "ओडेसा, धर मला. मी परत उठून गेले तर तो माणूस मरेल."

मी मागून त्यांच्या गाऊनचा पट्टा दोन्ही हातांनी धरला आणि ओट्याच्या कठड्याला पाय रोवला. काका वळून गल्लीत आले. मान खाली. फाटकापाशी आल्यावर त्यांनी सवयीने वर पाहिलं, आणि छत्री काखेतून रस्त्यावर पडली.

ते पायऱ्यांपाशी आले. टोपी काढली. तोंड उघडलं. चार वर्षांचं साठलेलं ते सगळं बोलले असावेत, कारण ओठ बराच वेळ हलत होते, पण थॅडियसला थांबायचं भान नव्हतं आणि आम्हाला एक अक्षर ऐकू आलं नाही.

"हो!" मिस लिओंटीन बँडच्या वरताण ओरडल्या.

काकांनी कानाला हात लावला.

"हो म्हणतेय, अलसीड! लवकर आटपा, माझे पाय राहत नाहीत!"

मी पट्टा सोडला. त्या पायऱ्या उतरल्या, काकांना वळसा घातला आणि फडका फिरवत तडक शेपटाकडे निघाल्या. जन्मभराची सवय. काकांनी धावत जाऊन त्यांचा हात धरला.

"लिओंटीन, तिकडे नाही. या वेळी पुढे."

त्या थबकल्या. बँडच्या पुढे रिकामा रस्ता होता, नुसतं ऊन. "पुढे राहून काय करायचं असतं?"

"काही नाही," काका म्हणाले. "फक्त मागे बघायचं नाही. किती माणसं आहेत ते दिसलं की हातपाय गळतात."

त्यांनी लगेच वळून बघितलं, आणि काकांचा दंड दोन्ही हातांनी धरला.